गोल न करणारा यॉर्क

२००६च्या फुटबॉल विश्वचषकाला गेलेल्या त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या तेवीस जणांची यादी मी अधूनमधून काढून वाचतो. खेळाडूंच्या नावांपेक्षा मला त्यांच्यापुढे लिहिलेल्या क्लबांची जास्त गंमत वाटते. रेक्सहॅम, गिलिंगहॅम, पोर्ट व्हेल, लूटन, कॉव्हेंट्री, सेंट जॉन्स्टन, फॉल्कर्क, डंडी. एकजण जर्मनीत, पण बायर्नमध्ये वगैरे नाही, तर खालच्या विभागात धडपडणाऱ्या वाल्डहोफ मानहाइममध्ये. तिघे सान हुआन जाब्लोटेचे आणि एक डब्ल्यू कनेक्शनचा, म्हणजे घरच्याच लीगमधले. विश्वचषकाची यादी म्हटली की रेआल माद्रिद, युव्हेंटस, चेल्सी अशी नावं डोळ्यांसमोरून जायची सवय असते. ही यादी वाचताना मात्र शनिवारी दुपारी पावसात, चिखलात, पाच-सहा हजार माणसांपुढे होणारे सामने दिसायला लागतात.

यादीत एकोणीस नंबरला कर्णधाराचं नाव आहे. ड्वाइट यॉर्क, वय ३४, क्लब सिडनी एफसी. त्याच्या नावावर इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे १२३ गोल आहेत. युरोप खंडाबाहेरून आलेल्या खेळाडूंत हा आकडा कितीतरी वर्षं सर्वांत मोठा होता, २०१७ साली सर्जिओ अग्वेरोने तो ओलांडला. कॅरिबियनमधून परदेशी जाऊन फुटबॉल खेळणारा यशस्वी माणूस म्हटलं की सगळे यॉर्ककडे बोट दाखवतात. ते चूकही नाही. पण त्याच यादीतली बाकीची बावीस नावं बाजूला ठेवून यॉर्क वाचला तर तो अर्धाच कळतो, असं माझं मत होत गेलं आहे.

पोर्ट ऑफ स्पेन आपल्याकडे क्रिकेटमुळे माहीत. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने तिथे कसोटी जिंकली, गावसकरांनी तिथे पदार्पण केलं आणि त्याच मालिकेत तिथेच १२४ आणि २२० केल्या, हे क्रिकेट न बघणाऱ्या मराठी माणसालाही कुठून तरी ठाऊक असतं. यॉर्क मात्र पोर्ट ऑफ स्पेनचा नव्हे. तो टोबॅगोचा. जोडनावाच्या देशातलं हे धाकटं बेट. तेल, वायू, कारखाने, राजधानी सगळं त्रिनिदादमध्ये, टोबॅगोच्या वाट्याला समुद्र, प्रवाळ आणि पर्यटक. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला कनान नावाचं गाव आहे, विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. तिथे ३ नोव्हेंबर १९७१ला यॉर्क जन्मला. घरात क्रिकेटही होतं. त्याचा भाऊ क्लिंट त्रिनिदादच्या संघातून प्रथम श्रेणीचे सामने खेळला. पुढे ब्रायन लारा यॉर्कचा जवळचा मित्र झाला. पोराने फुटबॉलच धरून ठेवावा यासाठी जो माणूस मागे लागला तो बर्टिल सेंट क्लेअर, टोबॅगोतला प्रशिक्षक. हे नाव लक्षात असू द्या, पुढे त्याच्याशी नियती जरा वाईट वागणार आहे.

१९८९ साली इंग्लंडचा ॲस्टन व्हिला क्लब वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर आला होता. त्यांच्याविरुद्ध खेळणारा सतरा वर्षांचा यॉर्क व्यवस्थापक ग्रॅहम टेलर यांच्या नजरेत भरला. ही गोष्ट इतकी वेळा सांगितली जाते की तिच्यातली जोखीम कुणाला दिसेनाशी होते. तो दौरा दुसऱ्या बेटावर गेला असता, किंवा त्या दिवशी पोराचा घोटा दुखावला असता, तर? कॅरिबियन बेटांवर तेव्हा युरोपीय क्लबांचे हेर फिरत नव्हते. एखादा संघ हवा खायला यायचा आणि जाताना एखादं पोर उचलायचा. यॉर्क उचलला गेला इतकंच.

पण जायच्या आधी एक सामना होता. १९ नोव्हेंबर १९८९, पोर्ट ऑफ स्पेन. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला शेवटचा सामना, समोर अमेरिका. त्रिनिदादला नुसती बरोबरी पुरेशी होती. सगळा देश लाल कपड्यांत. मैदानाच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त तिकिटं विकली गेलेली. दुसऱ्या दिवशीची सुट्टी सरकारने सामन्याआधीच जाहीर केलेली. आणि पहिल्या अर्ध्यात पॉल कॅलिजुरी नावाच्या अमेरिकन खेळाडूने लांबून डाव्या पायाने चेंडू असा उंच मारला की गोलरक्षक मायकल मॉरिसच्या डोळ्यांत सूर्य आणि पाठीमागे जाळ्यात चेंडू. ०-१. हातातोंडाशी आलेला घास गेला. त्या संघात जेमतेम अठरा वर्षांचा यॉर्क होता आणि एकवीस वर्षांचा रसेल लटापी होता. हरूनही प्रेक्षक शिस्तीने घरी गेले म्हणून फिफाने त्यांना खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला. असा पुरस्कार मिळाल्यावर माणसाने हसावं की रडावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिथून यॉर्क बर्मिंगहॅमला गेला. मार्च १९९०मध्ये व्हिलाकडून पहिला सामना खेळला. टॉमी डॉकर्टी या जुन्या जाणत्या व्यवस्थापकाने त्याला बघून म्हटलं होतं की हा पोरगा फर्स्ट डिव्हिजनचा खेळाडू झाला तर मी माओ त्से-तुंग. वाक्य गाजलं, माओ मात्र कुणी झालं नाही. पण डॉकर्टी काही अगदीच हवेत बोलत नव्हता. पहिली पाच वर्षं यॉर्क कधी विंगवर, कधी बाकावर, कधी नुसताच बाहेर. मधल्या आघाडीची जागा त्याला पक्की मिळाली ती १९९५-९६च्या हंगामात. त्या वर्षी कॉव्हेंट्रीविरुद्ध सामना सुरू झाल्यावर तेराव्या सेकंदाला त्याने गोल केला आणि लीग कपच्या अंतिम सामन्यात लीड्सविरुद्ध व्हिलाचा तिसरा. आपण कारकिर्दीचा आलेख काढतो तेव्हा ही मधली पाच वर्षं एका रेघेत संपतात. विशीतल्या, घरापासून समुद्रापार राहणाऱ्या पोराला ती रेघ केवढी लांब वाटली असेल!

मँचेस्टर युनायटेडबद्दल मी फार लिहिणार नाही, ते सगळ्यांनी लिहिलंय. ऑगस्ट १९९८, १ कोटी २६ लाख पौंड. व्हिलाचे व्यवस्थापक जॉन ग्रेगरी इतके चिडले होते की माझ्याकडे बंदूक असती तर मी त्याला गोळी घातली असती असं म्हणाले. पहिल्याच हंगामात सर्व स्पर्धा मिळून २९ गोल, लीग, एफए कप आणि युरोपचा कप असं त्रिकूट, बार्सिलोनाच्या मैदानावर ३-३ बरोबरीत दोन गोल, तूरीनमध्ये युव्हेंटसविरुद्ध बरोबरी साधणारा हेडर. जोडीला अँडी कोल. या जोडीतली एक गोष्ट मात्र मला नेहमी लक्षवेधी वाटते. कोलचे वडील जमैकाहून इंग्लंडला आले आणि नॉटिंगहॅमजवळ कोळशाच्या खाणीत राबले. म्हणजे एकाचे वडील कॅरिबियनमधून मजूर म्हणून आले, दुसरा स्वतः कॅरिबियनमधून फुटबॉलपटू म्हणून आला, आणि दोघे एकमेकांकडे न बघता चेंडू देत-घेत होते.

इंग्रजी वर्तमानपत्रांनी यॉर्कचं सगळं हसण्यात बसवलं. हसरा मारेकरी वगैरे. कॅरिबियनचा माणूस म्हणजे हसू, समुद्रकिनारा, रात्रभर नाच. मैदानाबाहेर त्याने मजा केली, भरपूर केली, आणि टॅब्लॉइडनी ती विकली, त्यात मला रस नाही. पण त्या हसण्याच्या नादात त्याचा खेळ बघायचा राहून गेला. गोलकडे पाठ करून उभं राहायचं, मागे दणकट बचावपटू अंगावर रेलू द्यायचा, चेंडू छातीवर किंवा मांडीवर घ्यायचा, तो खाली पडेपर्यंत कुठे द्यायचा हे ठरलेलं असायचं. उड्या नाहीत, झटापट नाही. चेंडूला थांबवून ठेवणं ही त्याची खरी विद्या. आणि हीच विद्या पुढे पस्तिशीत उपयोगी पडली, कारण पळणं संपतं, थांबवणं संपत नाही.

२००१ साली युनायटेडमध्ये रूड व्हान निस्टलरॉय हा आघाडीवीर आला आणि यॉर्क मागे पडला. ब्लॅकबर्न, मग बर्मिंगहॅम सिटी, आणि २००५ साली ऑस्ट्रेलियात नव्यानेच सुरू होणाऱ्या ए-लीगसाठी सिडनी. बऱ्याच जणांनी तेव्हा त्याच्यावर पडदा टाकला. ऑस्ट्रेलियात फुटबॉल म्हणजे चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा खेळ, तिथे जाणं म्हणजे निवृत्तीच. पण सिडनीने पहिलीच स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात यॉर्क सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि मुख्य म्हणजे तिथे तो हळूहळू मैदानाच्या मागच्या बाजूला सरकत गेला.

आता बाकीच्या बावीस जणांकडे येऊ. डेनिस लॉरेन्स हा सहा फूट सात इंच उंचीचा बचावपटू त्रिनिदादच्या लष्कराच्या संघात, डिफेन्स फोर्समध्ये खेळायचा. २००१ साली तो वेल्समधल्या रेक्सहॅमला गेला तेव्हा पंचविशी ओलांडलेली. त्याच्याआधीच तिथे पोचलेला कार्लोस एडवर्ड्सही डिफेन्स फोर्सचाच. आज रेक्सहॅम म्हटलं की हॉलिवूडचे मालक आठवतात, तेव्हाचं रेक्सहॅम कर्जात बुडालेलं होतं. २००४-०५मध्ये क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला, दहा गुण कापले गेले, खालच्या विभागात घसरण झाली. लॉरेन्स तिथेच खेळत राहिला.

या मंडळींसाठी परदेशी खेळणं म्हणजे आधी कागदपत्रं. कामाच्या परवान्याचा इंग्लंडमधला तेव्हाचा नियम असा की खेळाडूचा देश फिफाच्या क्रमवारीत साधारण पहिल्या सत्तरांत हवा आणि गेल्या दोन वर्षांत देशाच्या अधिकृत सामन्यांपैकी किमान ७५ टक्के सामने त्याने खेळलेले हवेत. नीट बघितलं तर हा नियम म्हणजे सापळा आहे. परवाना हवा तर देशासाठी खेळायला हवं. देशासाठी खेळायचं तर मंगळवारी अटलांटिक ओलांडून जायचं, तिथल्या उष्म्यात नव्वद मिनिटं, लगेच परतीचं विमान आणि शनिवारी क्लबच्या सामन्याला उभं राहायचं. थकलेला दिसला की व्यवस्थापक बाकावर बसवतो. बाकावर बसला की देशाचा प्रशिक्षक विचारात पडतो. आमच्या कोकणातल्या चाकरमान्यांसारखं, ना गिरणीच्या मालकाला पूर्ण खूश करता येत, ना गावच्या देवाला. जेसन स्कॉटलंड हा आघाडीवीर तर स्कॉटलंडमध्येच परवान्याच्या फेऱ्यात अडकला होता. पुढे २००६मध्ये स्कॉटिश लोकांनी त्याच्या आडनावाचे त्रिनिदादचे शर्ट हौसेने विकत घेतले, कारण त्यांचा स्वतःचा संघ विश्वचषकात नव्हता आणि इंग्लंड मात्र त्रिनिदादच्याच गटात होतं. शेजारधर्म असाही असतो.

२००५च्या सुरुवातीला त्रिनिदादची पात्रता फेरी बुडत चालली होती. प्रशिक्षक होते बर्टिल सेंट क्लेअर, तेच, कनानच्या पोराला घडवणारे. त्यांना काढून डच प्रशिक्षक लिओ बेनहाकर आणले गेले. रेआल माद्रिदला शिकवलेला माणूस. २००१पासून दूर असलेला यॉर्क परत आला, निवृत्त झालेला लटापी परत आला. गुरूला घालवून शिष्याला बोलावलं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण बेनहाकरांनी एक काम असं केलं की ज्याला दाद द्यावी लागते. यॉर्कला त्यांनी बचावफळीच्या पुढे, मैदानाच्या पोटात उभं केलं. गोलपासून सर्वांत लांब. ज्याच्या नावावर एवढे गोल त्याला सांगितलं की तुझं काम चेंडू घेणं, सांभाळणं, आणि बाकीच्यांना श्वास घेऊ देणं. सतरा वर्षं परदेशी मोठ्या मैदानांवर जे शिकला होता त्यातलं त्याने घरी काय आणलं, तर गोल नव्हे, शांतपणा.

ऑक्टोबर २००५मध्ये स्टर्न जॉनच्या दोन गोलांनी मेक्सिकोला २-१ हरवलं आणि बहारीनशी दोन सामन्यांची लढत मिळाली. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये १-१. तिथला बरोबरीचा गोल ख्रिस बर्चलचा, लांबून मारलेला. बर्चल इंग्लंडमध्ये जन्मलेला, पोर्ट व्हेलचा खेळाडू, आई पोर्ट ऑफ स्पेनची. चार दिवसांनी, १६ नोव्हेंबरला, मनामामध्ये दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीलाच कॉर्नर मिळाला. कॉर्नर यॉर्कने घेतला. हेडर लॉरेन्सने मारला. १-०. बार्सिलोनाच्या कॅम्प नूवर खेळलेला पाय आणि रेक्सहॅमचं डोकं. तेरा लाख लोकवस्तीचा देश विश्वचषकात पोचला, तोवरचा सर्वांत छोटा.

१० जून २००६, डॉर्टमुंड, स्वीडन. आपल्याकडे रात्री साडेनऊला सामना होता. मी तेव्हा गावी होतो. जूनमधला कोकणातला पाऊस आणि लाइट यांचं नातं ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पहिल्या अर्ध्यात टीव्ही दोनदा गेला. शेजारचे काका माझ्यासोबत बसले होते, त्यांना फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं, पण छोटा संघ कोणता हे त्यांनी आल्याआल्या विचारून घेतलं आणि मग त्याच बाजूचे झाले.

त्या दिवशी त्रिनिदादचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक केल्विन जॅक सरावातच जायबंदी झाला. ऐनवेळी शाका हिस्लॉपला सांगण्यात आलं. सदतीस वर्षांचा हिस्लॉप, हॉवर्ड विद्यापीठाचा मेकॅनिकल इंजिनियर, न्यूकॅसलला असताना पेट्रोल पंपावर काही पोरांनी त्याला वंशद्वेषी शिव्या घातल्या आणि मग तो कोण ते ओळखल्यावर त्यातल्याच एकाने सही मागितली होती. त्या अनुभवानंतर तो इंग्लंडमधल्या वर्णद्वेषविरोधी मोहिमेच्या उभारणीत पडला. आता त्याच्यासमोर इब्राहिमोविच, लार्सन, ल्युंगबर्ग. दुसऱ्या अर्ध्याच्या पहिल्याच मिनिटाला एव्हरी जॉनला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे लाल. जवळजवळ पूर्ण पंचेचाळीस मिनिटं दहा जणांनी काढायची होती. इथे कुठलाही शहाणा प्रशिक्षक बचावपटू उतरवतो. बेनहाकरांनी कॉर्नेल ग्लेन हा आघाडीवीर उतरवला. काही मिनिटांत ग्लेनचा फटका गोलच्या आडव्या दांड्याला लागून वर उडाला. काका उठून उभे राहिले.

उरलेल्या वेळात यॉर्कने जे केलं ते आकड्यांत दाखवता येत नाही. स्वीडनचा हल्ला परतवला की चेंडू त्याच्याकडे जायचा. तो लगेच पुढे मारायचा नाही. धरून ठेवायचा, दोघांना जवळ बोलवायचा, फाउल काढायचा, पडायचा, उठायचा, हात वर करून आपल्या पोरांना जागेवर परत जायला सांगायचा. त्या प्रत्येक वेळी दहा-बारा सेकंद जात होते आणि रेक्सहॅम-गिलिंगहॅमच्या बचावफळीला श्वास मिळत होता. ०-०. सामन्याचा मानकरी यॉर्क. मँचेस्टरचं ते वर्ष मोठं होतंच, पण त्याच्याभोवती तेव्हा कीन होता, बेकहॅम होता, गिग्ज होता. डॉर्टमुंडमध्ये तो गिग्ज नव्हते तिथे उभा होता. माझ्या लेखी त्याची सर्वांत मोठी नव्वद मिनिटं हीच, आणि त्यांत त्याचा गोल नाही.

इंग्लंडविरुद्धही ८३व्या मिनिटापर्यंत पाटी कोरीच होती. त्याआधी जॉन टेरीने एक चेंडू गोलरेषेवरून काढला नसता तर आणखी काही तरी घडलं असतं. मग पीटर क्राउचने ब्रेंट सँचोच्या जटा ओढून उडी मारली आणि हेडर घातला. पंचांना दिसलं नाही, बाकी जगाला दिसलं. शेवटी पॅराग्वेकडूनही ०-२. त्या सामन्यात लटापी बदली खेळाडू म्हणून उतरला. १९८९च्या नोव्हेंबरमध्ये जो विश्वचषक हुकला होता तो त्याला सदतीसाव्या वर्षी, थोडाच वेळ का होईना, मिळाला. संघ एकही गोल न करता घरी गेला.

मग पैशाचं आलं. त्रिनिदादच्या फुटबॉल महासंघाने विश्वचषकातून होणाऱ्या व्यावसायिक उत्पन्नातला निम्मा वाटा खेळाडूंना देण्याचं कबूल केलं होतं. हिशेब आला तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला साडेपाच हजारांच्या आसपास त्रिनिदाद डॉलर निघाले, म्हणजे हजार अमेरिकी डॉलरांच्याही आत. महासंघाचे सल्लागार होते जॅक वॉर्नर, फिफाचे उपाध्यक्ष, ज्यांच्यावर पुढे २०१५ साली फिफाने आजन्म बंदी घातली. हिस्लॉप, सँचो, जॅक यांच्यासह सोळा जणांनी ते पैसे नाकारले आणि लंडनला लवादाकडे गेले. २००८मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण पैसे मिळून प्रकरण मिटायला आणखी काही वर्षं गेली. भांडलेल्यांना मधल्या काळात देशाच्या संघाचे दरवाजे बंद झाले. हे भांडण त्यांना करता आलं याचं कारण मला वाटतं हेच, की पोट परदेशी क्लबांवर चालत होतं. घरच्या लीगमध्ये खेळणाऱ्याला महासंघाशी एवढं ताणून धरणं परवडलं नसतं. परदेशातल्या त्या किरकोळ पगाराने त्यांना मिळवून दिलेली सर्वांत मोठी चीज कदाचित हा कणा असेल. ज्याच्या जटा ओढल्या गेल्या तो ब्रेंट सँचो २०१५ साली त्या देशाचा क्रीडामंत्री झाला.

आणि याच यादीतले काहीजण आपल्याकडे आले, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. डॉर्टमुंडला ज्याचा फटका दांड्याला लागला तो कॉर्नेल ग्लेन पुढे शिलाँग लाजाँगसाठी, नॉर्थईस्ट युनायटेडसाठी आणि मग मोहन बागानसाठी खेळला. यादीतला तेविसावा, सर्वांत शेवटचा, अँथनी वुल्फ गोव्यात आला, चर्चिल ब्रदर्समध्ये. जानेवारी २०१४मध्ये चर्चिलने कोचीला स्पोर्टिंग क्लब द गोवाला हरवून फेडरेशन कप जिंकला, त्या संघात वुल्फ होता. आणि गंमत म्हणजे, किंवा गंमत अजिबात नाही, त्याच हंगामात चर्चिल आय-लीगमधून, म्हणजे भारतातल्या तेव्हाच्या मुख्य लीगमधून, खाली घसरलं. काही वर्षांनी तो पुन्हा त्याच क्लबकडे आला. त्याच्यामागून विलिस प्लाझा नावाचा दुसरा त्रिनिदादी आला, त्याने २०१८-१९च्या आय-लीगमध्ये चर्चिलसाठी २१ गोल केले.

मी तेव्हा पणजीत नोकरीला होतो आणि चर्चिलचे सामने बघायला जायचो. वुल्फला खेळताना बघितलंय. दुपारचा सामना, ऊन उतरायचं नाव घेत नाही, गोव्यातल्या प्रेक्षकांची कोंकणीत चाललेली मनसोक्त शेरेबाजी. कुणी त्याला फक्त ‘ए त्रिनिदाद’ म्हणून हाक मारत होतं. हा माणूस यॉर्कबरोबर विश्वचषकाच्या बाकावर बसला होता, हे माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांना मी सांगितलं. ते म्हणाले, बसला असेल, पण आज त्याने दोन सोप्या संधी घालवल्या. बरोबर होतं त्यांचं. पगार विश्वचषकाचा नसतो, आजच्या सामन्याचा असतो.

२०१७ साल या सगळ्यांसाठी चमत्कारिक होतं. ऑक्टोबरमध्ये कूव्हा इथे त्रिनिदादने अमेरिकेला २-१ हरवलं आणि २०१८च्या विश्वचषकातून बाहेर काढलं. प्रशिक्षक होता डेनिस लॉरेन्स. एकोणनव्वदचा हिशेब अठ्ठावीस वर्षांनी पुरा झाला, त्रिनिदाद स्वतः आधीच बाहेर झालेला असताना. त्याच वर्षाच्या सुरुवातीला यॉर्क दोहाहून मायामीमार्गे घरी निघाला होता. त्याला विमानात चढू दिलं नाही. पासपोर्टवर इराणचा शिक्का होता, तिथे तो जुन्या खेळाडूंचा प्रदर्शनीय सामना खेळून आला होता. जन्म विमानतळाजवळचा, आयुष्य विमानांत गेलेलं, आणि घरी जाण्याच्या वाटेवर शिक्क्याने अडवलेलं. टोबॅगोत त्याच्या नावाचं स्टेडियम आहे, पण त्याचा इमिग्रेशनच्या खिडकीवर काय उपयोग!

प्रशिक्षक म्हणून त्याला इंग्लंडने जवळ केलं नाही. पहिली संधी दिली ऑस्ट्रेलियाने, मॅकार्थर क्लबने, आणि २०२२ साली त्यांनी ऑस्ट्रेलिया कप जिंकला. काही महिन्यांतच तिथलं काम संपलं. नोव्हेंबर २०२४मध्ये तो त्रिनिदाद आणि टोबॅगोचा प्रशिक्षक झाला. २०२६च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्याचा संघ कमी पडला. त्याच गटातून पुढे गेलं क्युरसाव, नेदरलँड्सच्या राज्यातलं कॅरिबियन बेट, दीड लाखांच्या आसपास लोकवस्ती, म्हणजे विश्वचषकात पोचलेला आजवरचा सर्वांत छोटा देश. त्यांचा संघ जवळजवळ पूर्णपणे नेदरलँड्समध्ये जन्मलेल्या आणि वाढलेल्या मुलांचा. ही मुलं बेट सोडून गेलीच नव्हती, आजी-आजोबा गेले होते. २००६मध्ये त्रिनिदादकडे असा मोजका एखादा बर्चल होता, आता तोच रस्ता झाला आहे. कनानसारख्या गावातल्या पोराला कुणी उचलून नेण्याची वाट बघण्यापेक्षा रॉटरडॅममध्ये तयार झालेल्या पोराला आजीचा दाखला शोधायला लावणं जास्त सोपं आहे. फुटबॉल म्हणून मला यात काही गैर वाटत नाही. टोबॅगोचा माणूस असतो तर वाटलं असतं.

यॉर्कनंतर त्रिनिदादहून निघालेला मोठा आघाडीवीर म्हणजे लेव्ही गार्सिया. तो पोरसवदा वयात नेदरलँड्सच्या एझेड अल्कमारला गेला, तिथून इस्रायल, तिथून ग्रीस, एईके अथेन्सबरोबर २०२३ची ग्रीक लीग जिंकला, आणि २०२५मध्ये मॉस्कोच्या स्पार्टाककडे गेला. इंग्लंड त्याच्या वाटेत आलंच नाही.